रिव्हर्स टाकायच्या आधीच ट्रेलर निम्मा लागलेला असतो

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, गेल्या वर्षी आम्ही वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला. 24 फुटी आहे, पिकअप ट्रकने ओढतो. हायवेवर काही अडचण येत नाही. पण पहिल्याच मुक्कामाला, इथल्या एका स्टेट पार्कमध्ये, साइटवर, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या जागेत, ट्रेलर मागे घेताना आमची पार दैना झाली. हे स्टीअरिंग डावीकडे फिरवत होते आणि ट्रेलर उजवीकडे जात होता. सुधारायला गेलं की गाडी आणि ट्रेलर एकमेकांवर मुरडायचे. मागे गाड्या खोळंबल्या. शेवटी शेजारच्या साइटवरच्या गृहस्थांनी किल्ली मागून घेतली आणि दोन मिनिटांत ट्रेलर लावून दिला. तेव्हापासून हे म्हणतात, विकून टाकू. मे महिन्यात मुलांना घेऊन ग्रँड कॅनियनला जायचं ठरवलंय. हे शिकून येण्यासारखं आहे, की काही जणांनाच जमतं? — एक वाचिका, प्लेनो, टेक्सास

उत्तर: विकू नका. हे शिकून येतं, आणि ज्यांना कार नीट चालवता येते त्या सगळ्यांना येतं. एवढंच की ते कॅम्पग्राउंडवर, अंधार पडत असताना, मागे लोक ताटकळत असताना शिकता येत नाही. तुमच्या यजमानांनी नेमकं तेच करून पाहिलं.

ट्रेलर उलटा का जातो हे आधी दोघांनी समजून घ्या. नुसता पाठ केलेला नियम घाईच्या वेळी आठवत नाही. माझं लहानपण वारणेकाठच्या शेतात गेलं. बैल सोडलेली बैलगाडी छपरात मागे सारायची तर दोघं जण जू उचलून रेटायचे. जू उजवीकडे नेलं की गाडीचं मागचं तोंड डावीकडे जायचं, कारण गाडी फिरते ती चाकांच्या कण्यावर. तुमच्या ट्रेलरचंही हेच आहे. रिव्हर्समध्ये स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की पिकअपची मागची बाजू उजवीकडे जाते. तिच्यासोबत हिचचा, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जोडाचा, बॉल उजवीकडे जातो, ट्रेलरचं नाक उजवीकडे ढकललं जातं आणि शेपूट डावीकडे. यात डोक्याला ताप देण्यासारखं काही नाही.

आता हाताची सवय. एरवी आपण स्टीअरिंग वरून धरतो. ट्रेलर मागे घेताना एकच हात खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरची शेपूट डावीकडे, हात उजवीकडे नेला की उजवीकडे. इकडे मंडळातल्या ज्या कुटुंबांना मी शिकवते, त्यांच्या स्टीअरिंगच्या तळाला मी लाल चिकटपट्टीचा तुकडा लावते. नवशिक्याची नजर आरशात असते आणि हात आपसूक वर सरकतो. बोटाला पट्टीची कड लागली की हात जागेवर आहे हे न बघता कळतं. पुढे एक दिवस ती पट्टी निघून पडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे. ओढताना ट्रेलर आपोआप सरळ होत जातो. ढकलताना उलट होतं. जरासा कोन पडला की तो वाढतच जातो, आणि तुम्ही काही केलं नाहीत तर शेवटी ट्रेलरचा पुढचा कोपरा बंपरला येऊन भिडतो. म्हणून स्टीअरिंग थोडं फिरवायचं, लवकर फिरवायचं आणि ट्रेलर वळू लागलेला दिसला की लगेच परत आणायचं. नवशिके पहिल्या दोन गोष्टी करतात, तिसरी विसरतात. ट्रेलर हव्या त्या बाजूला वळला म्हणून खूश होऊन हात तिथेच धरून ठेवतात. खरं तर त्या क्षणापासून ट्रेलरच्या मागे जायचं असतं, म्हणजे स्टीअरिंग हळूहळू उलट बाजूला न्यायचं असतं, म्हणजे पिकअपही त्याच वळणावर येते.

पाय ॲक्सिलरेटरवर नकोच. सपाट जागेवर नुसता ब्रेक सैल केला तरी गाडी मागे सरकते, तेवढा वेग पुरतो. चढ असेल तर अगदी अलगद. आणि कोन हाताबाहेर जातोय असं वाटलं तर मागे येत राहून तो सुटत नाही. थांबा, पुढे घ्या, ट्रेलर सरळ होऊ द्या, पुन्हा मागे या. मोठमोठे ट्रक चालवणारे मुरलेले ड्रायव्हरही पुढे-मागे करतात. पुढे घेणं हा या कामाचाच भाग आहे. यजमानांना हे वाक्य मुद्दाम वाचून दाखवा.

आता सराव. रविवारी एखाद्या शाळेचं किंवा ऑफिसचं मोकळं पार्किंग परवानगी घेऊन वापरा. शंकू किंवा प्लास्टिकच्या बादल्या पुरतात. पहिले काही तास वळायचंच नाही. रंगवलेल्या एका रेषेच्या कडेने सरळ मागे यायचं, दोन्ही आरशांत ट्रेलरच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतील असं. एका आरशात ट्रेलर जास्त दिसू लागला की हात त्या आरशाकडे किंचित न्यायचा. पण तळाचा हात नाही, वरचा. हे ऐकून गोंधळ होईल, म्हणून दुसऱ्या शब्दांत सांगते: डाव्या आरशात ट्रेलर वाढला म्हणजे त्याची शेपूट डावीकडे चालली आहे. ती उजवीकडे आणायची, म्हणून तळाचा हात उजवीकडे. दोन्हींचा अर्थ एकच. तुम्हाला जो लवकर पटेल तो धरा आणि मग बदलू नका. सरळ मागे येणं जमल्याशिवाय वळणाचा सराव केला तर प्रत्येक वेळी वेगळंच काहीतरी होतं आणि त्यातून काही शिकता येत नाही.

तुमचा ट्रेलर लांब आहे ही चांगलीच गोष्ट आहे. बॉलपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितका तो सावकाश वळतो आणि तुम्हाला विचार करायला वेळ देतो. शेजाऱ्याचा आठ फुटी सामानाचा ट्रेलर सरावाला मागून आणू नका. तो इतक्या पटकन मुरडतो की उरलासुरला धीर जाईल.

मग साइटवर काय करायचं? माझं म्हणणं असं आहे की रिव्हर्स टाकायच्या क्षणी ट्रेलर निम्मा लागलेला असायला हवा. बहुतेक लोक रस्त्याला समांतर, सरळ उभे राहतात आणि तिथून काटकोनात वळायला बघतात. त्यातच सगळं बिघडतं. साइट आपल्या डाव्या हाताला आहे असं धरा. रस्त्याच्या डाव्या कडेने हळू पुढे या. तुमची खिडकी साइटच्या मधोमध आली की स्टीअरिंग उजवीकडे, रस्त्याच्या पलीकडच्या कडेकडे. ट्रेलर मागून वळू लागला की पुन्हा डावीकडे आणून गाडी सरळ करत पुढे जा आणि थांबा. आता मागे वळून बघा. ट्रेलरची शेपूट आपोआप साइटच्या तोंडाकडे तिरकी झालेली असते. काटकोन अर्धाच उरला. इथे एकच काळजी. ट्रेलर आत जाऊ लागला की पिकअपचं नाक उजवीकडे बरंच बाहेर फिरतं. त्या बाजूला चर आहे का, पाटी आहे का, समोरच्या साइटवर कोणाची गाडी उभी आहे का, हे आधी उतरून पाहिलेलं हवं.

उतरून पाहणं सोडू नका. साइटच्या तोंडाशी उभं राहून वर बघा. छतावरच्या एसीसकट ट्रेलर दहा-अकरा फूट उंच असतो आणि फांदी आरशात कधीच दिसत नाही. मग खाली बघा. अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या सरकारी कॅम्पग्राउंडवर साइटच्या तोंडाशी मोठे दगड किंवा लाकडी खुंट असतात. ते उगाच टाकलेले नाहीत. 1920च्या दशकात लोक गाड्या घेऊन जंगलात कुठेही शिरू लागले आणि झाडांची मुळं दबून झाडं मरू लागली. वनखात्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ माइनेके यांनी 1932 साली एक आराखडा मांडला. एकेरी गोल रस्ता, त्यातून फुटलेल्या ठरावीक जागा आणि गाडीने तेवढ्यातच राहावं म्हणून कडेला दगड. आजही आपण बहुतेक ठिकाणी त्याच आराखड्यात मुक्काम करतो. ती जागा त्या काळातल्या मोटारींच्या मापाने आखलेली असू शकते आणि तुमचा ट्रेलर आठ फूट रुंद असतो. आतल्या कोपऱ्यावरचा दगड हा तुमचा खरा परीक्षक. ट्रेलरची चाकं त्याच्या बाहेरून जायला हवीत.

म्हणून नजर ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यावर न ठेवता चाकांवर ठेवा. चाकं जिथे जातील तिथे ट्रेलर जाणार. ती कुठे थांबायला हवीत हे ठरवून तिथे जमिनीवर एक विटेएवढा लाकडी तुकडा ठेवा. ते ठिकाण ठरवताना लक्षात घ्या, वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या इथल्या ट्रेलरला ड्रायव्हरच्या बाजूला असतात, दार आणि ऑनिंग (बाहेर उघडायचं कापडी छत) दुसऱ्या बाजूला. स्लाइड-आऊट, म्हणजे ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग, बाहेर आलं की ते विजेच्या खांबाला अडायला नको.

प्रश्न: ट्रेलर मागे घेताना मी मागे उभी राहते. यांना माझं ऐकू येत नाही, मग हे चिडतात, मग मीही चिडते. मागे उभं राहून नेमकं करायचं काय? — एक वाचिका, शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर: मला येणाऱ्या पत्रांत सर्वांत जास्त पत्रं याच गोष्टीवर असतात, आणि मला ती फार लागतात. सुट्टीची पहिली संध्याकाळ अशी कडू होऊ नये. दोष तुमचा नाही, त्यांचाही नाही. कोणी काय सांगायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून हे होतं.

तुम्ही स्टीअरिंगबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. 'डावीकडे फिरवा' हे वाक्य कायमचं बंद. ऐकणाऱ्याला कळत नाही की स्टीअरिंग डावीकडे की ट्रेलर डावीकडे, आणि तुम्ही समोरासमोर उभ्या असाल तर तुमचं डावं त्यांचं उजवं. तुम्ही फक्त ट्रेलरची शेपूट कुठे जायला हवी ते दाखवायचं. त्या दिशेला हात लांब करायचा आणि बोलायचं झालं तर 'ड्रायव्हरच्या बाजूला' किंवा 'दाराच्या बाजूला'. किती अंतर उरलं ते फुटांत सांगा: दहा, पाच, तीन, थांबा. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली की ब्रेक, मग कारण विचारायचं नाही. ब्रेक लागल्यावर कारण.

उभं कुठे राहायचं? ट्रेलरच्या मागे, पण ड्रायव्हरच्या बाजूला आणि थोडं बाहेर, जिथून तुम्हाला आरशात त्यांचा चेहरा दिसतो. चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्यांना दिसत नाही. पलीकडचा कोपरा बघायला जायचं असेल तर आधी फुली, गाडी थांबली की जा, बघा, परत या, मग पुढे चालू. आणि त्यांच्यासाठी एकच कायदा: तुम्ही आरशातून दिसेनाशा झालात त्या क्षणी गाडी थांबली पाहिजे. ट्रेलर आणि झाड, ट्रेलर आणि खांब यांच्या मधल्या जागेत कधीही उभ्या राहू नका, कितीही हळू चाललेलं असलं तरी. मुलांना आधीच टेबलावर बसवून ठेवा आणि कुत्रं असेल तर त्याची दोरी त्यांच्या हातात द्या.

ओरडण्याऐवजी वॉकीटॉकी घ्या. एफआरएस प्रकारच्या साध्या वॉकीटॉकीला अमेरिकेत परवाना लागत नाही. फोनवर बोलूनही चालतं, पण डोंगरातल्या दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. आवाज कानाशी आला की कोणालाच चढ्या आवाजात बोलावं लागत नाही. या एका बदलाने कितीतरी जोडप्यांची भांडणं मिटलेली मी पाहिली आहेत.

अंधार झाला असेल तर विजेरी आरशावर मारू नका, समोरच्याला काहीच दिसेनासं होतं. ती जमिनीवर, ट्रेलरचं चाक जिथून जायचंय तिथे धरा.

प्रश्न: ऑनलाइन बुकिंग करताना साइट कशी निवडायची? सगळ्या सारख्याच दिसतात. मागे घ्यावंच लागणार नाही अशी जागा मिळते का? — एक वाचक, फिनिक्स, ॲरिझोना

उत्तर: मिळते. तिला पुल-थ्रू म्हणतात. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. तुमच्याच राज्यातलं उदाहरण घ्या. ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवर दोन कॅम्पग्राउंड जवळजवळ आहेत. ट्रेलर व्हिलेजमध्ये 50 फुटांपर्यंतच्या गाड्यांना पुरतील अशा पक्क्या, पुल-थ्रू जागा आहेत आणि वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही जोडण्या आहेत. शेजारच्या माथर कॅम्पग्राउंडमध्ये जोडण्या नाहीत आणि 30 फुटांची मर्यादा आहे, पण झाडी सुरेख आहे. प्लेनोच्या वाचिकेने यंदा ट्रेलर व्हिलेज घ्यावं. शिकण्याचं ओझं आणि मुलांची सहल एकाच दिवशी नको.

रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक साइटच्या पानावर बॅक-इन (मागे घेऊन लावायची) की पुल-थ्रू, जागेची लांबी आणि जास्तीत जास्त किती लांब वाहन चालेल हे दिलेलं असतं. लोक फोटो बघतात आणि ही ओळ वाचत नाहीत. बॅक-इन असेल तर नकाशा उघडून रस्ता कोणत्या दिशेने एकेरी आहे ते बघा आणि साइट ड्रायव्हरच्या हाताला येईल अशी निवडा. अमेरिकेत म्हणजे डाव्या हाताला. मग ट्रेलर तुमच्याच बाजूला वळतो आणि खिडकीतून मान काढून सगळं दिसतं. उजव्या बाजूची साइट म्हणजे आंधळी बाजू, ट्रेलर वळला की आरशात नुसती त्याची भिंत उरते. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांनी हे सगळं उलट करून वाचावं, तिथे चालक उजवीकडे बसतो.

आणि ट्रेलर स्वतः फीत लावून मोजा, बॉलपासून मागच्या बंपरपर्यंत. मॉडेलच्या नावातला आकडा आणि खरी लांबी यांत बऱ्याचदा तीन-चार फुटांचा फरक असतो, कारण पुढचा दांडा त्यात धरलेला नसतो. योसेमिटीच्या अप्पर पाइन्समध्ये ट्रेलरला 24 फुटांची मर्यादा आहे. नावाने 24 फुटी असलेला ट्रेलर तिथे बसेलच असं नाही.

प्रश्न: मुलाकडे डेन्व्हरला आलोय. तुमचं सदर वाचून नवल वाटलं. आमच्याकडे पोरं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर मागे घेतात, जत्रेत रिव्हर्सच्या स्पर्धा लागतात. मी स्वतः चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. मुलगा मला ट्रेलरला हात लावू देत नाही. यात एवढं काय अवघड आहे? — एक वाचक, मूळ गाव वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर: काका, नमस्कार. तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मी वारणेच्या अलीकडची, तुम्ही पलीकडचे. त्या स्पर्धा मी पाहिल्या आहेत. दोन ट्रॉल्या जोडून शंकूंच्या मधून मागे येणाऱ्या पोराचा इथल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर कोणी हात धरणार नाही.

दोनचाकी ट्रॉली आणि हा ट्रॅव्हल ट्रेलर यांची चाल अगदी एकच. तुम्हाला नवीन काहीच शिकायचं नाही. चारचाकी ट्रॉली मात्र वेगळी, हे तुम्ही जाणताच. तिचा पुढचा कणा दांड्याबरोबर फिरतो, म्हणजे जोडावर जोड. उलट्याचं उलट होऊन शेवटी सुलट होतं, पण फार उशिरा. ते ज्याला जमतं त्याला हे सोपं जाईल.

फरक तीन आहेत, ते सांगते. ट्रॅक्टरवर तुम्ही उंच बसता आणि मान वळवली की ट्रॉली पूर्ण दिसते. इथे मागे पाहिलं तर नुसती पांढरी भिंत. सगळं काम दोन आरशांवर. दुसरं, ट्रॅक्टरला डावं-उजवं मागचं चाक वेगळं ब्रेक करून जागच्या जागी वळता येतं, पिकअपला ते नाही. म्हणून वळणाला जागा जास्त लागते आणि आधी गाडी तिरकी उभी करणं इथे जास्त महत्त्वाचं. तिसरं, ट्रॉलीचा लोखंडी फाळका खांबाला घासला तर रंग जातो. ट्रेलरची बाजू पातळ पत्र्याची किंवा फायबरची असते, घासली की फाटते.

मुलाची काळजी खोटी नाही. इथला परवाना आणि विमा यांचं त्याने बघायला हवं, म्हणून रस्त्यावर नको. पण मालकाला विचारून मोकळ्या खाजगी पार्किंगमध्ये, इन्शुरन्सवाल्यांशी बोलून, तुम्ही बसा आणि मुलाला शेजारी बसवा. तुमच्या हातात जे आहे ते त्याला इथे कोणी शिकवणार नाही.

प्रश्न: नव्या पिकअपमध्ये ट्रेलर मागे घेण्यासाठी गोल बटण येतं म्हणे. कॅमेराही आहे. मग हे सगळं शिकायचं कशाला? — एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर: फोर्डने 2016च्या एफ-150 मध्ये ते आणलं. ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे बटण फिरवायचं, स्टीअरिंग गाडी सांभाळते, वेग आणि ब्रेक तुमच्याकडे. चांगलं आहे, वापरा. पण ते बटण वरची फांदी बघत नाही, आतल्या कोपऱ्यावरचा दगड बघत नाही आणि कुठे उभं राहून सुरुवात करायची तेही सांगत नाही. ट्रेलरच्या मागच्या बाजूला लावलेल्या कॅमेऱ्याचंही तेच. मागे काय आहे ते दिसतं, ट्रेलरच्या बाजूला काय आहे ते नाही. दव पडलं की तेही नाही.

प्रश्न: जोरात वळवून मागे घेताना हिचपाशी कर्कश आवाज येतो. काही मोडेल का? — एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर: पिकअप आणि ट्रेलरच्या दांड्याला तिरका जोडलेला, मूठ फिरवून घट्ट करायचा एकच दांडा आहे का बघा. तो घर्षणावर चालणारा, ट्रेलर डुलू नये म्हणून लावलेला दांडा. तो लावून तीव्र वळणावर मागे घेतलं तर वाकतो. साइटपाशी आल्यावर मागे घेण्याआधी तो काढून ठेवा, निघताना पुन्हा लावा. वजन वाटून देणाऱ्या काही हिचमध्ये डोलणं रोखण्याची सोय आतच असते. त्या वळताना कुरकुरतात आणि ते चालतं. तुमची कोणती ते माहितीपुस्तिकेत बघून खात्री करा.

प्रश्न: माझं वय 61. आम्ही दोघंच फिरतो. ट्रेलर नेहमी हेच चालवतात. यंदा यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ट्रेलर अंगणातच उभा राहिला. मी शिकते म्हटलं तर घरचे सगळे म्हणतात, आता या वयात कशाला? — एक वाचिका, ॲन आर्बर, मिशिगन

उत्तर: याच वयात शिका, आणि याच वर्षी. ज्या घरात ट्रेलर एकालाच चालवता येतो, त्या घराची सहल त्या एकाच्या गुडघ्यावर, डोळ्यांवर, तब्येतीवर अवलंबून असते. जंगलात मुक्कामी असताना त्यांना काही झालं तर ट्रेलर सोडून निघता येईल, पण ट्रेलर घेऊन निघता यायला हवं.

यात ताकद लागत नाही. पॉवर स्टीअरिंग आहे, ब्रेक आहे, वेग चालण्यापेक्षाही कमी. लागतो तो धीर, आणि मी पाहिलंय की साठीच्या बायकांकडे तो तरुण मुलांपेक्षा जास्त असतो. त्या थांबतात, उतरून बघतात, पुन्हा बसतात. हात आपोआप हळू चालतो.

फक्त एक करा. पहिल्या दिवशी त्यांना शेजारी बसवू नका. ते प्रेमापोटी सतत सांगत राहतील आणि तुम्ही आरशाकडे न बघता त्यांच्याकडे बघाल. त्यांना खुर्ची देऊन बाहेर सावलीत बसवा, गुडघाही लांब करता येईल. तुम्ही एकट्या बसा, दोन्ही आरसे तुमच्या उंचीला लावून घ्या, कारण ते आतापर्यंत त्यांच्या उंचीचे असणार. ट्रेलरची मागची चाकं दोन्ही आरशांत दिसली पाहिजेत. लांब दांडीचे आरसे असतील तर ते पूर्ण बाहेर ओढा. मग रेषेच्या कडेने सरळ मागे, दोनशे फूट. पुढे या, पुन्हा तेच. वळण पुढच्या रविवारी.

हे जमलं की जोडणं आणि सोडणं शिका, कारण तेही आतापर्यंत त्यांनीच केलं असणार. सोडताना क्रम महत्त्वाचा. आधी पातळी बघा, ट्रेलर एका बाजूला कलला असेल तर खालच्या बाजूच्या चाकांखाली ठोकळे टाकून त्यावर घ्या. मग चाकांच्या दोन्ही बाजूंनी अडणी घट्ट बसवा. त्यानंतरच पुढचा जॅक उतरवून बॉल मोकळा करा. अडणीशिवाय बॉल सोडला आणि जागा उताराची असली तर ट्रेलर निघून जातो, त्याला थांबवायला काहीच उरत नाही. हिचचं कुलूप, सुरक्षेच्या साखळ्या, ब्रेकची तुटवायर (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि सात पिनांची वायर कशी लावतात हे त्यांच्याकडून एकदा बघून घ्या आणि दुसऱ्यांदा तुम्ही लावा, त्यांनी फक्त तपासावं.